विश्वात कृष्ण ऊर्जा ६८ टक्के आहे, हे मोजलं कसं?

प्रश्न असा आहे: विश्वात सुमारे ६८ टक्के कृष्ण ऊर्जा आहे असं सगळीकडे छापून येतं. जी दिसत नाही, पकडता येत नाही, जिचं स्वरूपही ठाऊक नाही, तिचा वाटा इतक्या नेमकेपणाने कसा सांगता येतो? आणि एका ठिकाणी ६८, दुसरीकडे ७०, जुन्या पुस्तकांत ७३ असे वेगवेगळे आकडे का दिसतात?

मी अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे स्फोट होऊन झळकणाऱ्या ताऱ्यांच्या, प्रकाशमापनावर काम करते. हा आकडा ज्या मोजमापांतून निघतो, त्यांतल्या एकाशी माझा रोजचा संबंध आहे. म्हणून आधी थेट उत्तर देते आणि मग खोलात जाते.

कृष्ण ऊर्जेचं वजन कुणीही केलेलं नाही. मोजलेल्या गोष्टी तीन आहेत. विश्वात पदार्थ किती आहे, अवकाश वक्र आहे की सपाट, आणि विश्वाच्या प्रसरणाचा वेग काळानुसार कसा बदलत गेला. या तिन्हींचा मेळ घालायचा तर सुमारे ७० टक्के वाटा पदार्थाखेरीज आणखी कशाला तरी द्यावा लागतो. त्या 'कशाला तरी'चं नाव कृष्ण ऊर्जा. विश्वातल्या सर्वांत जुन्या प्रकाशाचा, म्हणजे पार्श्वभूमी प्रारणाचा, नकाशा काढणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या अंतिम विश्लेषणात हा वाटा ६८.५ टक्के निघाला, अधिक-उणे ०.७.

टक्के म्हटले की ते कशाचे, हे आधी ठरवावं लागतं. इथे 'एकूण' म्हणजे क्रांतिक घनता. आइनस्टाइनच्या सिद्धांतावरून १९२२ मध्ये फ्रीडमन यांनी मांडलेलं समीकरण प्रसरणाचा दर आणि घनता यांची सांगड घालतं. आजचा प्रसरणाचा दर ठाऊक असेल, तर अवकाश सपाट राहायला घनता किती हवी हे त्यातून निघतं. ती येते घनमीटरमागे हायड्रोजनच्या जेमतेम पाच अणूंइतकी. त्यात कृष्ण ऊर्जेचा वाटा साडेतीन अणूंएवढा. पृथ्वीच्या आकारमानाइतक्या जागेतली सगळी कृष्ण ऊर्जा वस्तुमानात बदलून तोलली, तर ती सुमारे ६ मिलिग्रॅम भरेल. प्रयोगशाळेत किंवा सूर्यमालेत तिचा मागमूस का लागत नाही, हे यावरून लक्षात येईल. शेकडो कोटी प्रकाशवर्षांच्या पल्ल्यावरच तिचा हिशोब मोठा होतो, म्हणून मोजमापंही तेवढ्याच पल्ल्याची करावी लागतात.

आणखी एक गोष्ट लोकप्रिय लेखांत हमखास गळते. हे टक्के आजचे आहेत. विश्व प्रसरण पावतं तसा पदार्थ विरळ होत जातो. कृष्ण ऊर्जेची घनता मात्र, निदान सर्वांत साध्या प्रारूपात, तितकीच राहते. सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वी दोघांचा वाटा सारखा होता. महास्फोटानंतर ३ लाख ८० हजार वर्षांनी, पार्श्वभूमी प्रारण निघालं तेव्हा, कृष्ण ऊर्जेचा वाटा अब्जात एक-दोन भाग एवढाच होता.

आता पदार्थाचं माप. यातला मला सर्वांत आवडणारा युक्तिवाद १९९३ चा आहे. सायमन व्हाइट, हुलिओ नवारो, ऑगस्ट एव्हरार्ड आणि कार्लोस फ्रेंक यांनी कोमा या दीर्घिकांच्या गुच्छाचा हिशोब मांडला. हा गुच्छ आपल्यापासून ३० कोटी प्रकाशवर्षांहून थोडा अधिक दूर आहे. त्यातल्या दीर्घिकांमधली जागा कोट्यवधी अंश तापमानाच्या वायूने भरलेली आहे आणि तो क्ष-किरणांत चमकतो. त्या चमकीवरून वायू किती आहे हे कळतं. तो वायू आणि दीर्घिका गुच्छात बांधून ठेवायला एकूण वस्तुमान किती लागेल, हेही काढता येतं. म्हणजे साधा, अणूंनी बनलेला पदार्थ आणि एकूण पदार्थ यांचं गुणोत्तर हाती आलं. इतका मोठा गुच्छ विश्वाचा प्रातिनिधिक नमुना असतो, कारण तो जमताना साधा पदार्थ एका बाजूला आणि न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणारं कृष्णद्रव्य दुसऱ्या बाजूला असं वेगळं होण्याइतकं तिथे काही घडत नाही.

दुसरीकडे, महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत ड्युटेरियम आणि हेलियम किती तयार झालं, यावरून विश्वात साधा पदार्थ किती असावा हे स्वतंत्रपणे ठरतं. आजचे आकडे घेऊन हिशोब करून पाहा. साधा पदार्थ क्रांतिक घनतेच्या सुमारे ४.९ टक्के आहे. साध्या पदार्थाचं एकूण पदार्थाशी गुणोत्तर सुमारे ०.१५७. भागाकार केला की ३१ टक्के येतात. १९९३ मध्ये आकडे एवढे बारीक नव्हते, पण निष्कर्ष स्पष्ट होता: पदार्थ १०० टक्क्यांच्या आसपासही पोचत नाही. त्याआधी १९९० मध्येच जॉर्ज एफस्टाथिऊ आणि सहकाऱ्यांनी आकाशातल्या दीर्घिकांच्या विखुरणीवरून असं सुचवलं होतं, की पदार्थ कमी आहे आणि उरलेली जागा वैश्विक स्थिरांकाने, म्हणजे घनता न बदलणाऱ्या कृष्ण ऊर्जेने, भरली असावी. कृष्ण ऊर्जा १९९८ मध्ये अचानक आकाशातून पडली असं सांगतात ते खरं नाही. तिच्यासाठी जागा आधीच रिकामी होती.

पण 'उरलेली जागा' म्हणायला मुळात एकूण १०० आहे हे सिद्ध व्हायला हवं. एकूण ३० च असतील तर उरतच काही नाही. अवकाश वक्र आहे, एवढंच म्हणता येईल. इथे पार्श्वभूमी प्रारण उपयोगी पडतं. त्या प्रारणाच्या तापमानात लाखात काही भाग एवढे सूक्ष्म चढउतार आहेत. सुरुवातीच्या तप्त विश्वात ध्वनिलहरी ३ लाख ८० हजार वर्षांत किती अंतर कापू शकल्या, हे भौतिकीतून काढता येतं. म्हणजे त्या डागांचा खरा आकार ठाऊक आहे. तो आकाशात किती कोनाचा दिसतो, हे अवकाशाच्या वक्रतेवर ठरतं. सपाट अवकाशात ठळक डाग सुमारे एक अंशाचे, चंद्रबिंबाच्या दुप्पट रुंदीचे, दिसायला हवेत. बूमरँग नावाच्या प्रयोगाने १९९८ च्या डिसेंबरअखेर अंटार्क्टिकावर सुमारे ३७ किलोमीटर उंचीवर फुगा सोडला. त्याने सुमारे दहा दिवस हे डाग टिपले आणि एप्रिल २००० मध्ये निष्कर्ष छापून आले. डाग एक अंशाचेच होते. प्लँकची निरीक्षणं आणि दीर्घिकांच्या नकाशातली अंतरं एकत्र केली तर वक्रतेचा वाटा शून्याच्या ०.२ टक्के आसपासच्या अनिश्चिततेत बसतो.

समजा किराणा दुकानाच्या बिलावर एकूण रक्कम वाचता येते, बाकीच्या ओळीही वाचता येतात, फक्त एक ओळ पुसली गेली आहे. त्या ओळीतली रक्कम तुम्ही वजाबाकीने सांगू शकता. इथपर्यंत कृष्ण ऊर्जेची गोष्ट तशीच आहे: १०० वजा ३१. आणि इथेच शहाणा वाचक हरकत घेतो, की मग ही नुसती हिशोब जुळवायला घातलेली रक्कम झाली. हरकत रास्त आहे. तिला उत्तर अतिनवतारे देतात. ते वजाबाकी करत नाहीत, कृष्ण ऊर्जेचा परिणाम थेट दाखवतात.

'आयए' प्रकारचा अतिनवतारा म्हणजे श्वेतबटूचा, इंधन संपून आकसलेल्या ताऱ्याचा, औष्णिक-आण्विक स्फोट. चंद्रशेखर मर्यादेच्या, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाच्या आसपास पोचलेला श्वेतबटू हे त्याचं पाठ्यपुस्तकातलं चित्र; प्रत्यक्षात स्फोटाला आणखीही वाटा असू शकतात. स्फोटात किरणोत्सारी निकेल तयार होतं. त्याचा क्षय होऊन कोबाल्ट आणि मग लोखंड बनतं, आणि त्या क्षयाच्या ऊर्जेवर तो काही आठवडे अख्ख्या दीर्घिकेला तोड देईल इतका झळकतो. सगळ्यांचं तेज तंतोतंत सारखं नसतं. पण १९९३ मध्ये मार्क फिलिप्स यांनी एक संबंध पक्का केला: जो अधिक तेजस्वी, तो सावकाश मंद होतो. कमाल तेजानंतरच्या १५ दिवसांत तो किती उतरला हे मोजा, रंगावरून वाटेतल्या धुळीची दुरुस्ती करा, की एका ताऱ्याचं अंतर सुमारे ७ टक्क्यांच्या अचूकतेने मिळतं. एका ताऱ्यासाठी हे फारसं नाही, पण शेकडो तारे जमले की सरासरी बारीक होत जाते.

ते शोधायचे कसे, ही खरी अडचण होती. एका दीर्घिकेत असा स्फोट काही शतकांतून एकदा होतो. दुर्बिणीवरचा वेळ मात्र सहा महिने आधी मागावा लागतो. 'तारा फुटला की या' असं तिथे चालत नाही. बर्कलीच्या सॉल पर्लमटर यांच्या गटाने यावर युक्ती काढली. अमावास्येनंतर लगेच चिलीतल्या सेरो तोलोलो इथल्या ४ मीटर दुर्बिणीने हजारो दीर्घिका असलेले आकाशाचे तुकडे टिपायचे. सुमारे तीन आठवड्यांनी, पुढच्या अमावास्येच्या तोंडावर, तेच तुकडे पुन्हा टिपायचे आणि दुसऱ्या चित्रातून पहिलं वजा करायचं. जे उरेल ते नवं. एवढ्या दीर्घिकांत काही ना काही फुटलेलं सापडणारच, आणि लगेच येणाऱ्या काळोख्या रात्रींत हवाईतल्या केक दुर्बिणीवर त्यांचा वर्णपट घ्यायचा. ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस यांचा दुसरा गटही अशाच पद्धतीने त्याच मागावर होता.

दोन्ही गटांची अपेक्षा होती, की गुरुत्वाकर्षणामुळे प्रसरण मंदावत असेल आणि आपण ते मंदावणं मोजू. निघालं उलटं. ०.५ रेडशिफ्टच्या (रेडशिफ्ट म्हणजे प्रसरणामुळे प्रकाशलहरी किती ताणल्या गेल्या याचं माप), म्हणजे ज्यांचा प्रकाश सुमारे ५०० कोटी वर्षांपूर्वी निघाला अशा अतिनवताऱ्यांचं अंतर, कमी पदार्थाच्या आणि कृष्ण ऊर्जा नसलेल्या विश्वातल्या अपेक्षेपेक्षा १० ते १५ टक्के जास्त भरलं. रीस यांचा शोधनिबंध १९९८ मध्ये आला आणि पर्लमटर यांचा ४२ अतिनवताऱ्यांवरचा निबंध १९९९ मध्ये. २०११ चं भौतिकीचं नोबेल या तिघांना मिळालं.

पर्लमटर यांच्या निबंधात एक ओळ आहे आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच सर्वांत स्वच्छ दिसतं. अतिनवताऱ्यांना पदार्थ आणि कृष्ण ऊर्जा हे दोन आकडे वेगवेगळे कळत नाहीत. एक ओढतो, दुसरा लोटतो. अंतरात दिसते ती दोघांची झटापट. म्हणून त्यांनी दिलं ते मिश्रण असं: ०.८ गुणिले पदार्थाचा वाटा, वजा ०.६ गुणिले कृष्ण ऊर्जेचा वाटा, बरोबर उणे ०.२, अधिक-उणे ०.१. आता यात सपाट अवकाशाची अट घाला, म्हणजे दोघांची बेरीज १. पदार्थाला 'प' म्हणा. १.४ प वजा ०.६ बरोबर उणे ०.२. प येतो ०.२९. कृष्ण ऊर्जा ०.७१. कोमा गुच्छाशी, क्ष-किरणांशी, ड्युटेरियमशी काहीही संबंध नसलेल्या वाटेने आपण पुन्हा त्याच मुक्कामी आलो. या मेळामुळेच कृष्ण ऊर्जेवर माझा विश्वास बसतो. एकच वाट असती तर मी साशंक राहिले असते.

इथे धुळीची हरकत सांगायलाच हवी, कारण ती पुण्यातूनही मांडली गेली. दूरचे तारे मंद दिसतात ते दूर आहेत म्हणून, की वाटेत धूळ आहे म्हणून? नेहमीची धूळ प्रकाश तांबूस करते, त्यामुळे ती ओळखू येते. पण सगळे रंग सारखेच शोषणारी धूळ असली तर? जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ च्या सुमारास दाखवलं, की दीर्घिकांच्या मधल्या जागेत धातूंच्या सूक्ष्म सुयांसारखी धूळ धरली तर त्यांच्या, महास्फोट न मानणाऱ्या अर्धस्थिर विश्वाच्या प्रारूपातही अतिनवताऱ्यांची मंदता बसवता येते. या हरकतीला मी फार मानते. तिच्यामुळे मोजणाऱ्यांना अधिक दूर जाऊन पाहावं लागलं. धूळ असेल तर जितकं दूर जाल तितकी मंदता वाढतच जायला हवी. कृष्ण ऊर्जा असेल तर फार पूर्वीच्या काळी पदार्थाचाच वरचष्मा होता, प्रसरण मंदावत होतं, आणि म्हणून फार दूरचे तारे धुळीच्या भाकितापेक्षा तेजस्वी दिसायला हवेत. हबल दुर्बिणीने टिपलेला १९९७ एफएफ हा सुमारे १.७ रेडशिफ्टचा अतिनवतारा २००१ मध्ये तसाच निघाला. २००४ मध्ये रीस यांच्या गटाने हबलनेच शोधलेल्या आणखी दूरस्थ अतिनवताऱ्यांनी ते पक्कं केलं. मंदावण्याकडून वेग घेण्याकडे झालेलं वळण आज सुमारे ६०० कोटी वर्षांपूर्वीचं मानलं जातं.

तिसरी वाट दीर्घिकांच्या नकाशाची. पार्श्वभूमी प्रारणात दिसणाऱ्या त्याच ध्वनिलहरींचा ठसा दीर्घिकांच्या मांडणीतही उरला आहे: सुमारे ४८ कोटी प्रकाशवर्षं अंतरावर दीर्घिकांच्या जोड्या किंचित जास्त सापडतात. २००५ मध्ये स्लोन सर्वेक्षणात हा ठसा प्रथम स्पष्ट दिसला. ही मोजपट्टी वेगवेगळ्या काळांत किती कोनाची दिसते, यावरून प्रसरणाचा इतिहास निघतो. त्यात ताऱ्यांचं तेज किंवा धूळ यांचा प्रश्नच येत नाही. २०२० मध्ये स्लोनच्या संपूर्ण साठ्यावरून असं दिसलं, की अवकाश सपाट न मानताही, एकट्या या मोजपट्टीने कृष्ण ऊर्जा नसलेली प्रारूपं बाद होतात.

आता आकडे वेगळे का, याकडे वळते. काही फरक निव्वळ काळाचा आहे. ७३ टक्के हा प्लँकच्या आधी पार्श्वभूमी प्रारण मोजणाऱ्या डब्ल्यूमॅप उपग्रहाचा २००३ चा आकडा; पुढे प्लँकने तो सुधारला. पण आजचे आकडेही जुळे नाहीत. अवकाश सपाट आणि कृष्ण ऊर्जा स्थिर मानली तर प्लँक ६८.५ सांगतो. अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवरून पाच हजार यंत्रचालित तंतूंनी एकाच वेळी दीर्घिकांचे वर्णपट घेणाऱ्या डेसी सर्वेक्षणाचा मार्च २०२५ चा आकडा ७०.२ आहे, १ कोटी ४० लाखांहून अधिक दीर्घिका आणि क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची झगझगती केंद्रं) यांवरून काढलेला. पँथिऑन प्लस हा सुमारे १५५० अतिनवताऱ्यांचा संच ६६.६ देतो. डार्क एनर्जी सर्व्हे या सर्वेक्षणाने अतिनवताऱ्यांवरूनच २०२४ मध्ये दिलेला आकडा ६४.८ आहे, त्यात अनिश्चितता १.७. प्लँकपासूनचा प्रत्येक फरक एकटा पाहिला तर अनिश्चिततेत खपून जाईल असा आहे. पण मोजपट्टी एका बाजूला आणि अतिनवतारे दुसऱ्या बाजूला ओढतात, हा कल माझ्या क्षेत्रातल्या लोकांना स्वस्थ बसू देत नाही.

त्यातच हबल स्थिरांकाचा, म्हणजे आजच्या प्रसरणाच्या दराचा, वाद येऊन मिळतो. पार्श्वभूमी प्रारणातून पदार्थाचे टक्के थेट मिळत नाहीत. मिळतो तो पदार्थाचा वाटा गुणिले हबल स्थिरांकाचा वर्ग. मेगापारसेकमागे (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे) सेकंदाला १०० किलोमीटर हे एकक धरलं तर तो गुणाकार ०.१४३ आहे. प्लँकचा ६७.४ घेतला, तर ०.६७४ च्या वर्गाने भागून पदार्थ ३१.५ टक्के. जवळच्या ताऱ्यांवरून मोजलेला ७३ घेतला तर पदार्थ २७ टक्क्यांच्या खाली उतरतो आणि कृष्ण ऊर्जा ७३ वर चढते. अर्थात ७३ हा आकडा प्लँकच्या प्रारूपात बसत नाही, म्हणून हा भागाकार फक्त संवेदनशीलता दाखवायला दिला आहे. अतिनवताऱ्यांच्या टक्क्यांवर मात्र या वादाची सावली पडत नाही. आम्ही दूरच्या आणि जवळच्या अंतरांचं गुणोत्तर वापरतो, आणि त्यात हबल स्थिरांक छेदला जातो.

आमची दुखरी जागा वेगळी आहे. तिचं नाव प्रमाणीकरण. ०.५ रेडशिफ्टला कृष्ण ऊर्जेचा ठसा सुमारे पाव प्रतीचा आहे (प्रत हे ताऱ्यांच्या तेजाचं माप), तो कुठे जाणार नाही. पण ६५ की ६८ हे ठरवायला एक शतांश प्रतीची, म्हणजे प्रकाशाच्या एका टक्क्याची, अचूकता लागते. जवळचे अतिनवतारे जुन्या, वेगवेगळ्या दुर्बिणींनी टिपलेले. दूरचे नव्या कॅमेऱ्याने. दोघांची गाळण्यांमधली संवेदनशीलता एका मापावर आणणं हे महिनोन्‌महिने चालणारं किचकट काम आहे. शिवाय मोठ्या वस्तुमानाच्या दीर्घिकांतले अतिनवतारे, सगळ्या दुरुस्त्या करूनही, किंचित तेजस्वी निघतात आणि त्याचं कारण अजून पुरतं उलगडलेलं नाही. डेसीच्या निष्कर्षांनंतर एफस्टाथिऊ यांनी डार्क एनर्जी सर्व्हेच्या जवळच्या आणि दूरच्या ताऱ्यांत ०.०४ प्रतीचा सांधा बरोबर बसला नसल्याची शंका घेतली. सर्व्हेच्या गटाने त्याला सविस्तर उत्तरही दिलं. इतक्या बारीक फटीवर आज मोठा वाद उभा आहे.

तो वाद असा: डेसी, प्लँक आणि अतिनवतारे एकत्र केले, तर स्थिर कृष्ण ऊर्जेपेक्षा काळानुसार दुबळी होत जाणारी कृष्ण ऊर्जा अधिक चांगली बसते. कोणता अतिनवतारा-संच घेता त्यावर हा कौल २.८ ते ४.२ सिग्मा बदलतो. सिग्मा म्हणजे निष्कर्ष निव्वळ योगायोग नसल्याच्या खात्रीचं माप; शोध जाहीर करायला ५ सिग्मा लागतात, त्यामुळे मी अजून तिथवर जाणार नाही. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मात्र यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. बदलती कृष्ण ऊर्जा मान्य करून पँथिऑन प्लससह हिशोब केला तर पदार्थ ३१.१ टक्के येतो. डार्क एनर्जी सर्व्हेसह केला तर ३१.९. म्हणजे कृष्ण ऊर्जा ६८ ते ६९ टक्केच. तिचा स्वभाव काय, यावर मतं दुभंगली असताना ती किती, हा आकडा जागचा फारसा हललेला नाही. अतिनवतारे वगळले तर मात्र तो सैल पडतो: नुसत्या डेसी आणि प्लँकमधून पदार्थ ३५ टक्क्यांपर्यंत जातो आणि अनिश्चितता २ टक्क्यांवर पोचते.

यापुढची मोजमापं सुरू झाली आहेत. युक्लिड ही अवकाश दुर्बीण जुलै २०२३ मध्ये गेली. चिलीतल्या सेरो पाचोन इथल्या रुबिन वेधशाळेची पहिली चित्रं जून २०२५ मध्ये आली. रुबिन एकाच कॅमेऱ्याने जवळचे आणि दूरचे अतिनवतारे टिपणार आहे, आणि मला तिच्याकडून सर्वांत जास्त अपेक्षा आहे ती याच कारणासाठी.

तोवर तुम्हाला कुठे आकडा द्यायचा असेल, वर्गात शिकवताना किंवा लेखात, तर 'सुमारे ७० टक्के' लिहा. त्याला आज कुठलंही मोजमाप गंभीर आव्हान देत नाही. ६८.५ असा दशांश लिहायचा असेल तर शेजारी 'प्लँक, २०१८, सपाट विश्व आणि स्थिर कृष्ण ऊर्जा धरून' एवढं जरूर लिहा.